तुटलेल्या अक्षराची गोष्ट : स्टेन्सिल, पॉल रेन्नर आणि 'फ्यूचुरा ब्लॅक'

#थ्रेड #इतिहास #अक्षरकला

१/ लाकडी खोके, धान्याची गोणी, रेल्वेची वाघीण, दारूगोळ्याची पेटी. या साऱ्यांवर एकाच घराण्यातली अक्षरे आढळतात : जाड, ठसठशीत आणि मध्येच तुटलेली. हे तुटणे आले कोठून? आणि त्याची गरज संपल्यावरही अक्षराने ते का सोडले नाही? या प्रश्नांचा माग १९२९ सालच्या फ्रँकफुर्टमधील एका ओतशाळेत जातो आणि तेथून थेट कोठडीच्या दारापर्यंत पोहोचतो.

२/ प्रथम तंत्र समजून घेतले पाहिजे. जाड पुठ्ठ्यावर मोठा 'ठ' काढावा आणि त्याची रेषा पात्याने कापून काढावी. रेषा निघते, पण तिच्याबरोबर 'ठ'च्या पोटातला गोल तुकडाही गळून पडतो, कारण त्याला आधारच उरत नाही. 'व' आणि 'ब' यांचीही हीच गत. रोमन लिपीत 'ए', 'बी', 'डी', 'ओ', 'पी', 'आर' या बंद पोटाच्या अक्षरांपुढे हीच अडचण उभी राहते.

३/ आतला तुकडा टिकवायचा, तर त्याला बाहेरच्या पुठ्ठ्याशी जोडणारी एक अरुंद पट्टी न कापता ठेवावी लागते. स्टेन्सिल कापणारे कारागीर या पट्टीला 'पूल' म्हणतात. वरून ब्रश फिरवला की पुलाखालची जागा कोरी राहते. अक्षरात दिसणारी फट ती हीच. मुळात ती सजावट नव्हती. साचा शाबूत ठेवण्यासाठी मोजलेली ती किंमत होती.

४/ सैन्याच्या पेट्यांवर दिसणाऱ्या या अक्षरांचे एक जुने घर मात्र चर्चमध्ये सापडते. सतराव्या आणि अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये उपासनेच्या वेळी गायकवृंद एकाच भल्यामोठ्या ग्रंथासमोर उभा राहून गात असे. अक्षरे दुरून वाचता यावीत एवढी मोठी हवीत, आणि प्रती तर मोजक्याच लागत. एवढ्यासाठी छापखान्यात मोठे खिळे ओतवून घेणे परवडणारे नव्हते. तेथे पत्र्यात कापलेली अक्षरे आणि शाईचा ब्रश कामी आला.

५/ हे काम इतके रुळलेले होते की सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये विविध हस्तव्यवसायांचे सविस्तर वर्णन करण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा त्यात स्टेन्सिललाही स्थान मिळाले. जिल फिल्लो दे बिलेत या विद्वानाने अक्षरे कशी कापावीत आणि ती ओळीत कशी बसवावीत याची तपशीलवार टिपणे केली. मुद्रणकलेच्या शेजारीच एक धाकटी कला नांदत होती, याची ही नोंद होय.

६/ या धाकट्या कलेचा एक प्रसिद्ध ग्राहक म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. अमेरिकेचे दूत म्हणून पॅरिसमध्ये राहत असताना त्यांनी १७८१ साली बेरी नावाच्या कारागिराकडून स्टेन्सिल अक्षरांचा एक संच विकत घेतला. फ्रँकलिन स्वतः मुरलेले मुद्रक होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे. तो संच आज फिलाडेल्फिया येथील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या संग्रहात आहे.

७/ एकोणिसाव्या शतकात माल आगगाडीने आणि आगबोटीने दूरदूर जाऊ लागला, तशी ही अक्षरे देवघरातून गोदामात आली. खोक्यावर, पिंपावर, गोणीवर मालकाचे नाव, वजन आणि मुक्काम लिहायचा, तोही झटपट आणि कोणत्याही हमालाला जमेल असा. सुबक काम हवे असेल, तर रंगारी मागाहून ब्रशने फटी बुजवून टाकी. खोक्यासाठी मात्र तेवढा वेळ कोणी देत नसे. त्यामुळे उघडी फट ही स्वस्त आणि घाईच्या कामाची खूण ठरली.

८/ या खुणेकडे कलावंतांचे लक्ष गेले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. जॉर्ज ब्राक यांनी १९११ साली 'पोर्तुगीज' हे घनवादी चित्र रंगवताना कॅनव्हासवर स्टेन्सिलने अक्षरे आणि आकडे उमटवले. गोदामातील अक्षर चित्रात आले, आणि तेही फटींसकट. ज्या खुणेला आजवर ओबडधोबड समजले जाई, तीत काही आधुनिक आहे असे प्रथमच कोणाला तरी जाणवले होते.

९/ येथून कथा जर्मनीत जाते. त्या देशात अक्षराचे वळण ही निव्वळ आवडीनिवडीची बाब नव्हती. मराठीत मोडी आणि बाळबोध अशा दोन लिपी शेजारी शेजारी नांदल्या, तशा जर्मन भाषेतही दोन वळणांच्या परंपरा होत्या : एक टोकदार, मोडक्या रेषांची 'फ्राकटुर', जी 'जर्मन' मानली जाई, आणि दुसरी गोलसर रोमन, म्हणजे 'अँटिका', जी अनेकांना परकी वाटे. हा वाद १९११ साली थेट राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, चर्चिला गेला.

१०/ पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर सम्राट गेला आणि प्रजासत्ताक आले. १९१९ साली वायमार येथे बाउहाउस ही कलाशाळा स्थापन झाली. घर, खुर्ची, दिवा आणि अक्षर या सर्वांचा पुन्हा पायापासून विचार करावा, अशी या पिढीची धारणा होती. फ्राकटुर की अँटिका, या जुन्या भांडणापलीकडे जाऊन काहींनी वेगळाच प्रश्न विचारला : कमीत कमी घटकांतून अक्षर कसे घडवता येईल?

११/ बाउहाउसमध्ये शिकून पुढे तेथेच शिक्षक झालेले योझेफ आल्बर्स यांनी या प्रश्नाचे उत्तर स्टेन्सिलमध्ये शोधले. चौरस, त्रिकोण आणि वर्तुळाचा चतुर्थांश एवढेच आकार घेऊन त्यांनी संपूर्ण वर्णमाला रचली. १९२६ साली एका जर्मन मुद्रणविषयक नियतकालिकाच्या बाउहाउस विशेषांकात त्यांनी ती मांडली. लेखाचा विषय होता अक्षररूपातील काटकसर.

१२/ आल्बर्स यांच्या वर्णमालेत घटक एकमेकांना चिकटत नाहीत, त्यांच्यामध्ये अंतर राहते. खोक्यावरची फट नाइलाजाने आलेली होती. येथे ती रचनेचाच भाग झाली, कारण अक्षर हे सुट्या भागांची जुळणी आहे हे तिच्यामुळे उघड दिसू लागले. ही अक्षरे पुस्तकाच्या मजकुरासाठी नव्हती. भिंतीवरचे फलक आणि जाहिराती यांच्यासाठी, म्हणजे दुरून वाचण्यासाठी, ती घडवली होती.

१३/ आल्बर्स यांचा प्रयोग मात्र कागदावर होता. स्टेन्सिल वळणाचे जाड अक्षर खिळ्यांच्या रूपाने छापखान्यात पोहोचवणारा माणूस बाउहाउसचा नव्हता. त्याचे नाव पॉल रेन्नर. जन्म १८७८, वेर्निगेरोडे. शिक्षण चित्रकाराचे, पण नाव झाले ते म्युनिकमध्ये पुस्तकांची मांडणी करण्यात. जुन्या, घरंदाज ग्रंथनिर्मितीच्या परंपरेत मुरलेला हा गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर आधुनिकांच्या पंक्तीत आला.

१४/ १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बाउअर ओतशाळेने रेन्नर यांचे 'फ्यूचुरा' हे वळण बाजारात आणले. वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेषा यांवर बेतलेले, पायाला टोके नसलेले, सडपातळ. 'आमच्या काळाचे अक्षर' अशी त्याची जाहिरात झाली. ते जगभर गेले. १९६९ साली अपोलो ११ मोहिमेने चंद्रावर ठेवलेल्या फलकावरचा मजकूरही याच वळणात आहे.

१५/ दोनच वर्षांनी, १९२९ साली, याच ओतशाळेने 'फ्यूचुरा ब्लॅक' प्रसिद्ध केले. नावावरून वाटावे की हे फ्यूचुराचेच अधिक जाड रूप. प्रत्यक्षात दोघांचे नाते जवळजवळ नावापुरतेच. फ्यूचुरा खपत होते आणि त्या नावाचा दबदबा होता, म्हणून एका वेगळ्याच प्रकृतीच्या अक्षरालाही तेच आडनाव मिळाले. 'फ्यूचुरा ब्लॅक' हे निखळ स्टेन्सिल वळण होते.

१६/ त्याचे रूप डोळ्यांसमोर आणावे. काळेभोर, रुंद खांब. त्यांना टेकलेले वर्तुळाचे भरीव तुकडे. 'ओ' म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन काळे अर्धगोल आणि त्यांच्यामध्ये पांढरी उभी फट. अक्षराच्या बारीक रेषा जवळपास गायब, उरला तो केवळ जाड भाग. पानावर ही अक्षरे लिहिल्यासारखी वाटत नाहीत, रचून ठेवल्यासारखी वाटतात.

१७/ आता कळीचा मुद्दा. स्टेन्सिलला पूल लागतो, कारण आतला तुकडा गळून पडतो. पण छापखान्यातील खिळा शिशाच्या मिश्रधातूचा असतो आणि त्याच्या माथ्यावर अक्षर उठावाने, उलटे असते. त्यातून काहीही गळून पडत नाही. 'ओ'चे पोट कितीही बंद असले तरी खिळ्याचे काही बिघडत नाही. म्हणजेच 'फ्यूचुरा ब्लॅक'मधील एकाही फटीची तांत्रिक गरज नव्हती. प्रत्येक फट जाणून घेतलेली होती.

१८/ मग ती घेतली कशासाठी? एक कारण बाजाराचे. १९२० च्या दशकात जर्मन शहरांतील भिंती आणि नियतकालिके जाहिरातींनी भरून गेली होती, आणि या गर्दीत नजर खेचण्यासाठी अक्षर अधिकाधिक काळे हवे होते. पण अक्षर जाड करत गेले की त्याचे पोट आक्रसते आणि शेवटी शाईने बुजून जाते. पोटाची पोकळी आणि पुलाची फट यांना एकच करून टाकणारे स्टेन्सिल वळण या पेचातून वाट काढते. काळेपण राहते आणि अक्षरही ओळखू येते.

१९/ दुसरे कारण वाचकाच्या डोळ्यात आहे. दोन अर्धगोल दिसले तरी डोळा 'ओ'च वाचतो, कारण मधली फट तो स्वतः भरून काढतो. पूर्वी रंगारी जे काम ब्रशने करी, ते आता वाचकाने करायचे होते. अक्षराला सर्व काही सांगावे लागत नाही, या गोष्टीवर त्या पिढीतील अनेक आरेखनकारांचा भरवसा होता.

२०/ हे एकट्या रेन्नर यांचे वेड नव्हते. १९३० साली इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीचे 'ब्रागाडोशिओ' आले, तेही जाड आणि स्टेन्सिल धाटणीचे. १९३१ साली आम्स्टरडॅमच्या ओतशाळेने 'ट्रान्झिटो' आणले. त्याचे कर्ते होते यान चिकोल्ड, १९२८ सालच्या 'नवी टायपोग्राफी' या गाजलेल्या ग्रंथाचे लेखक. हे चिकोल्ड रेन्नर यांच्याच म्युनिकच्या शाळेत शिकवत होते.

२१/ ती शाळा मुद्रकांच्या प्रशिक्षणासाठी होती आणि रेन्नर तिचे प्रमुख होते. शहर म्हणाल तर म्युनिक, म्हणजे नाझी पक्षाचे जन्मगाव. आधुनिक चित्र, सपाट छपराचे घर, पायाला टोके नसलेले अक्षर, या साऱ्यांवर नाझी प्रचारक एकच शिक्का मारत : 'सांस्कृतिक बोल्शेविझम'. कोणी कम्युनिस्ट असो वा नसो, काम आधुनिक असले की हा आरोप पुरेसा होई.

२२/ रेन्नर कम्युनिस्ट नव्हते आणि क्रांतिकारकही नव्हते. स्वभावाने ते मध्यममार्गी, परंपरा जाणणारे गृहस्थ. परंतु १९३२ साली त्यांनी या आरोपालाच शीर्षक केले आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून एक पुस्तिका लिहिली : 'सांस्कृतिक बोल्शेविझम?' तीत नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर आणि ज्यूद्वेषावर उघड टीका होती. ती जर्मनीत नव्हे, तर स्वित्झर्लंडमध्ये, झुरिचला प्रसिद्ध झाली.

२३/ जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये चिकोल्ड यांना अटक झाली. त्याच वर्षी ते कुटुंबासह स्वित्झर्लंडला निघून गेले. एप्रिलमध्ये रेन्नर यांना अटक झाली. सुटका लवकर झाली, पण शाळेचे प्रमुखपद गेले ते कायमचे. 'फ्यूचुरा ब्लॅक' आणि 'ट्रान्झिटो' या दोन्ही वळणांचे कर्ते अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने कोठडीत गेले होते.

२४/ बाउहाउस तोवर वायमारहून देसाउ आणि देसाउहून बर्लिन असे विस्थापित होत आले होते. १९३३ च्या उन्हाळ्यात ते बंद झाले. आल्बर्स आणि त्यांच्या पत्नी आनी, ज्या स्वतः नामांकित वस्त्रकलावंत आणि ज्यू कुटुंबातील होत्या, वर्षअखेरीस अमेरिकेला गेले. तुटलेल्या अक्षरांवर काम करणारे हे छोटे वर्तुळ वर्षभरातच विखुरले गेले.

२५/ नव्या सत्तेच्या काळात ओतशाळांनी फ्राकटुर परंपरेतील टोकदार अक्षरांची आधुनिक, कडक रूपे बाजारात आणली. १९३० च्या दशकातील 'टॅननबेर्ग' हे त्यांपैकी प्रसिद्ध. ताठ उभ्या रेषांच्या या अक्षरांना पुढे 'लष्करी बुटांचे अक्षर' अशा अर्थाचे टोपणनाव पडले. घोषणाफलकांवर आणि पाट्यांवर ती सर्वत्र दिसू लागली.

२६/ येथे इतिहास सरळ रेषेत चालत नाही, हेही नोंदवले पाहिजे. रेन्नर जर्मनीतच राहिले. उपजीविका चालवायची होती. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'बालाडे' नावाचे गॉथिक परंपरेतील वळण काढले. दुसरीकडे त्यांचे फ्यूचुरा जर्मनीत विकले जातच राहिले आणि त्या राजवटीच्या छपाईतही वापरले गेले. कर्त्याला शिक्षा झाली, अक्षराला नाही.

२७/ मग आली ती कलाटणी. ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमान याने हिटलरच्या वतीने एक परिपत्रक काढले. त्यानुसार गॉथिक अक्षरे जर्मन नसून 'ज्यू अक्षरे' ठरली आणि यापुढे रोमन वळण हेच प्रमाण मानावे, असा आदेश निघाला. दाव्याला ऐतिहासिक आधार काहीही नव्हता. ज्या पत्रावर हा हुकूम टंकलिखित झाला, त्याच्या माथ्यावरचे पक्षाचे नाव मात्र गॉथिक अक्षरांतच छापलेले होते.

२८/ आठ वर्षांपूर्वी ज्या परंपरेचा गौरव झाला, तीच एका कागदाने ज्यू ठरली. हा हुकूम निघाला तेव्हा युरोपचा मोठा भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता आणि तेथील लोकांना रोमन वळण वाचता येत होते. अक्षराला दिलेला वंश हा प्रशासनाच्या सोयीनुसार बदलता येतो, हे या एका प्रसंगातून जेवढे स्पष्ट दिसते, तेवढे क्वचितच दुसरीकडे दिसेल.

२९/ दरम्यान, अटलांटिकपलीकडे स्टेन्सिलचा दुसरा अध्याय सुरू झाला होता. जून १९३७ मध्ये लडलो कंपनीने रॉबर्ट हंटर मिडलटन यांचे 'स्टेन्सिल' आणले. महिन्याभरात अमेरिकन टाइप फाउंडर्सने गेरी पॉवेल यांचे वळण प्रसिद्ध केले, त्याचेही नाव 'स्टेन्सिल'च. दोन्हींत केवळ मोठी अक्षरे होती, आणि दोन्हींनी खोक्यावरचे ओळखीचे, टोके असलेले अक्षर खिळ्यांत उतरवले.

३०/ 'फ्यूचुरा ब्लॅक' आणि पॉवेल यांचे 'स्टेन्सिल' शेजारी ठेवले की फरक उघड होतो. पॉवेल यांचे अक्षर गोदामाची आठवण करून देते, कारण ते गोदामातल्या अक्षराचेच चित्र आहे. रेन्नर यांच्या अक्षराने गोदामातून केवळ एक कल्पना उचलली, फटीची, आणि तिच्यापासून पूर्वी नसलेले रूप घडवले.

३१/ आज लोकांच्या मनात घर करून आहे ते मात्र पॉवेल यांचे अक्षर. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामानावरील स्टेन्सिल अक्षरे जगभर पोहोचली. पुढे चित्रपट आणि मालिकांनी ती प्रतिमा पक्की केली. कोरिया युद्धावरील 'मॅश' या अमेरिकन मालिकेचे शीर्षक याच वळणात आहे. त्यामुळे तुटलेले अक्षर दिसले की सैन्य आठवते, आणि त्यामागचा गायकवृंदाचा ग्रंथ, फ्रँकलिन यांचा संच आणि बाउहाउसमधील चौरस-त्रिकोण विस्मरणात जातात.

३२/ थोडक्यात सांगायचे, तर एकाच फटीचे अर्थ बदलत गेले. चर्चच्या ग्रंथात ती साच्याची मर्यादा होती. गोदामात ती घाईची खूण झाली, आल्बर्स यांच्याकडे रचनेचा नियम, रेन्नर यांच्या खिळ्यांत मुद्दाम केलेली निवड आणि चित्रपटात लष्करी गणवेश. आकार फारसा बदलला नाही. बदलली ती त्याकडे पाहणारी नजर.

३३/ म्हणूनच एखादे अक्षर 'आपले' किंवा 'परके', 'देशी' किंवा 'बाटगे' असल्याचा दावा ऐकू येतो, तेव्हा १९३३ आणि १९४१ ही दोन साले एकत्र आठवावीत. पहिल्या साली अक्षरे काढणारी माणसे तुरुंगात गेली. दुसऱ्या साली त्याच सत्तेने आपली जुनी अक्षरे शत्रूची ठरवली. अक्षरांना धर्म नसतो, वंशही नसतो. तो त्यांना चिकटवणारे हात असतात, आणि त्या हातांचा इतिहास तारखांसह लिहिता येतो.

३४/ पॉल रेन्नर १९५६ साली वारले. ज्या राजवटीने त्यांचे पद काढून घेतले, ती त्यांच्या हयातीतच नामशेष झाली होती. पुढच्या वेळी एखाद्या फलकावर मध्येच तुटलेला जाड 'ओ' दिसला, तर क्षणभर थांबून ती पांढरी फट पाहावी. तेथे काही राहून गेलेले नाही. १९२९ साली एका माणसाने ती जागा विचारपूर्वक मोकळी सोडली होती.

(समाप्त)